कळवतो

मागच्या सप्टेंबरातली गोष्ट. इंग्लंडात, हेरफर्डशरमधल्या एका आडगावात, जुन्या घराच्या फाटकापाशी, ऐंशी-ब्याऐंशीच्या एक बाई माझ्या हातात मातीची कुंडी देत होत्या आणि माझा नवरा त्यांना सांगत होता, "आम्ही घरी जाऊन बोलतो आणि कळवतो." कुंडीत वीतभर अंजिराचं रोप, चार पानांचं. "सावकाश कळवा," बाई म्हणाल्या, "या घरानं कधीच कसली घाई केलेली नाही." गाडी गावाबाहेर आली तरी आम्ही दोघं गप्प होतो. कुंडी माझ्या मांडीवर, तिच्या बुडाची ओल पँटमधून झिरपत होती आणि मी उगाच रस्त्याकडेच्या कुंपणांकडे बघत होते. कळवण्यासारखं आमच्याकडे काही नव्हतंच. ते घर घेण्याची आमची ऐपत नव्हती, आणि हे आम्हाला एजंटला फोन करून वेळ ठरवतानाच ठाऊक होतं.

आम्ही राहतो वुस्टरला, एका भिंतीला शेजारी चिकटलेल्या साध्या सेमी-डिटॅच्ड घरात. मुलगी शिकायला बाहेर गेल्यापासून शनिवारची सकाळ एकदम मोकळी झाली, आणि त्या मोकळ्या जागेत हा छंद शिरला. चहाचे कप घेऊन बसायचं आणि फोनवर विकायला काढलेली घरं बघायची. या देशात हा छंद इतका सार्वत्रिक आहे की त्याची कोणाला लाज वाटत नाही. सोळाव्या शतकातल्या लाकडी चौकटींच्या घरांपासून स्कॉटलंडच्या बेटांवरच्या दीपगृह-रखवालदाराच्या खोल्यांपर्यंत आम्ही सगळं बघितलं आहे. माझा नवरा तर ते स्वयंपाकघर पाडून कुठे न्यावं लागेल, हेही सांगतो. मग दुसरा चहा होतो आणि आम्ही आपल्याच स्वयंपाकघरातलं गळकं नळकांडं तसंच ठेवून बाजाराला जातो.

या जाहिरातींची भाषा मात्र मला पहिल्या दिवसापासून ओळखीची वाटली. आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिराती वाचून मोठी झालेली बाई मी. 'निमगोरी' म्हणजे काय, 'स्वभावाने शांत' म्हणजे काय, 'घरगुती अडचणीमुळे शिक्षण अपुरे' म्हणजे काय, हे आमच्या घरात मावश्या मोठ्याने फोड करून सांगायच्या. इकडेही तेच. 'भरपूर मूळ वैशिष्ट्ये शाबूत' म्हणजे खिडक्यांतून वारा येतो. 'आपल्या आवडीने सजवायला वाव' म्हणजे १९७४ नंतर रंग दिलेला नाही. 'खासगी आणि शांत परिसर' म्हणजे दूध संपलं तर सहा मैल जा. आणि 'पीरियड प्रॉपर्टी' म्हणजे वयाचा उल्लेख टाळून घराण्याचा केलेला उल्लेख. या घराच्या जाहिरातीत सगळं होतं: व्हिक्टोरियन काळातलं कौटुंबिक घर, पूर्वीची रेक्टरी, सात बेडरूम, दोन जिने, भिंतींनी बंदिस्त दोन बागा. किंमत साडेबारा लाख पौंड. नवऱ्याने लगेच हिशेब केला. नुसती स्टॅम्प ड्युटीच ६८,७५० पौंड. "म्हणजे आपण फक्त ड्युटी भरू शकतो," तो म्हणाला, "घर त्यांनी ठेवावं." आम्ही हसलो. पण त्या भिंतींचा फोटो मी पुन्हा उघडून बघितला, दुपारी एकदा, रात्री एकदा. सोमवारी मीच फोन केला.

म्हणजे खोटं माझ्यापासून सुरू झालं. नवऱ्याने त्याला नुसता शेवटचा शब्द दिला.

रेक्टरी म्हणजे गावच्या धर्मगुरूचं घर. आपल्याकडे देवळाच्या पुजाऱ्याचं घर म्हटलं की डोळ्यांसमोर येतं त्याच्याशी याचं काही नातं नाही. इथल्या रेक्टरला एके काळी गावातल्या पिकाचा, लोकरीचा, डुकरांच्या पिलांचासुद्धा दहावा हिस्सा मिळायचा. १८३६च्या कायद्याने तो पैशांच्या रूपात ठरवला गेला. त्या उत्पन्नावर मोठी कुटुंबं, घोडे, स्वयंपाकीण, माळी असा सगळा बारदाना चालायचा. आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळात बांधलेल्या घरांना जी ऐसपैस खिडक्यांची चैन मिळाली तिच्यामागे एक साधा सरकारी हिशेब आहे: काचेवरचा कर १८४५ साली उठला, विटांवरचा १८५० साली आणि खिडक्यांवरचा १८५१ साली. सहा वर्षांत वीट, काच आणि उजेड, तिन्ही स्वस्त. हे घर त्यानंतर सातेक वर्षांनी बांधलेलं. समोरून बघितलं की कळतंच, नुकतीच कर्जमुक्ती मिळालेल्या माणसाने केलेल्या खरेदीसारख्या त्या खिडक्या आहेत. पुढे विसाव्या शतकात एवढी घरं तापवणं चर्चला परवडेना, आणि अशा रेक्टऱ्या ठिकठिकाणी विकल्या गेल्या. आताच्या रेक्टरबाई तीन गावं पलीकडे एका साध्या नव्या घरात राहतात आणि छोट्या गाडीतून पाच चर्चं सांभाळतात. हे बाईंनी सांगितलं, आणि सांगताना त्यांना थोडं हसू येत होतं.

बाई खरं तर घरात असायलाच नको होत्या. इथे घर दाखवायच्या वेळी मालकाने बाहेर जायचा रिवाज आहे. तरुण एजंट टोकदार बुटांत दारात उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं की त्यांनी बाहेर जावं म्हणून त्याने बरेच प्रयत्न केले आहेत. "मी काही बोलणार नाही," असं म्हणून त्या आमच्याबरोबर चालायला लागल्या आणि पुढचा दीड तास एजंटला बोलू दिलं नाही.

दारातून आत पाऊल टाकलं आणि मी थबकले. पायाखाली तांबड्या, पिवळ्या, काळ्या आणि निळसर तुकड्यांची फरशी, मधे फुलीचा आकार, कडेला वेल. ही फरशी मी पूर्वी बघितली होती. भायखळ्याला राणीच्या बागेशेजारी, भाऊ दाजी लाड संग्रहालयात. १८७२ साली उघडलेल्या त्या इमारतीची फरशी मिंटन या इंग्लिश कारखान्याची, स्टोक-ऑन-ट्रेंटहून जहाजाने मुंबईला गेलेली. शाळेच्या सहलीत त्या फरशीवर बसून आम्ही डब्यातल्या पोळीभाजीचा वास कोंडून ठेवला होता, उघडायला परवानगी नव्हती म्हणून. मी हे बाईंना सांगितलं. त्यांनी वाकून, गुडघ्यावर हात ठेवून, फरशीकडे नव्याने पाहिलं. "ही कुणाची आहे, मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "पन्नास वर्षं पुसते आहे, पण विचारलं नाही कधी." मग स्वयंपाकघराकडे जाणाऱ्या बोळात वर घंटा दिसल्या, घड्याळाच्या स्प्रिंगसारख्या वळलेल्या पट्ट्यांवर टांगलेल्या सात घंटा, खाली पुसट अक्षरांत खोल्यांची नावं. मालकिणीने दिवाणखान्यात दोरी ओढली की इथे नेमकी तीच घंटा थरथरायची, आणि आवाज थांबल्यावरही ती काही वेळ हलत राहायची, म्हणजे कामातून मान वर करणाऱ्या मुलीला कुठे धावायचं ते कळावं. मी हात वर करून एक घंटा हलवली. नको होतं हलवायला. सगळं घर एकदम कोणीतरी बोलावल्यासारखं झालं.

घर थंड होतं. सप्टेंबरात, बाहेर ऊन असताना थंड. तेलावर चालणारा बॉयलर, गावात गॅसची लाइन नाही, सांडपाण्याला मागच्या शेतात टाकी. नवऱ्याने खिडकीची सरकती चौकट वर केली तेव्हा भिंतीच्या पोटात लोखंडी वजनं एकमेकांवर आपटल्याचा आवाज आला, विहिरीत बादली टेकावी तसा. एका बाजूची दोरी तुटलेली होती. बाईंनी चौकटीखाली द्यायला लाकडाचा एक ठोकळा ठेवला होता, वापरून गुळगुळीत झालेला. मोठ्या जिन्याला, महोगनीच्या कठड्याला लागून, खुर्चीची लिफ्ट बसवलेली होती. जाहिरातीतल्या फोटोत जिना होता; खुर्ची नव्हती. एजंटने कुठल्या कोनात उभं राहून तो फोटो काढला असेल ते मी शोधत होते, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "ती यांची. शेवटची चार वर्षं." बस, एवढंच. ते गुरांचे डॉक्टर होते. दोघांनी हे घर १९७१ साली घेतलं तेव्हा छपराला भोकं होती आणि वरच्या मजल्यावर कावळ्यांनी धुरांड्यात घरटं केलं होतं. आता मुलं लांब आहेत, आणि त्या लेडबरीजवळ एका बंगल्यात जाणार आहेत. इकडे बंगला म्हणजे बिनजिन्याचं, बैठं, म्हातारपणाचं घर. आपल्याकडून गेलेला शब्द. आपल्याकडे माणूस आयुष्यभर राबून बंगला बांधतो आणि इथे आयुष्य संपत आल्यावर, गुडघे गेल्यावर, नाइलाजाने बंगल्यात जातो.

मग बाईंनी मागच्या बाजूचं, भिंतीतलं एक बुटकं दार उघडलं.

आत हवाच वेगळी. बाहेर वारा होता, इथे नव्हता. दहा-बारा फूट उंचीच्या तांबड्या विटांच्या चार भिंती, वर बाहेर झुकलेल्या दगडी पट्ट्या, जेणेकरून पावसाचं पाणी फळांवर न पडता लांब गळावं. पाऊण एकर जागा, मधे पाण्याचं गोल टाकं, चार वाफे. त्यांतले दोन नुसते गवताळ. बाईंनी मला उत्तरेकडच्या भिंतीपाशी नेलं, म्हणजे जिचं तोंड दक्षिणेला आहे तिच्यापाशी, आणि म्हणाल्या, "हात लावा." मी तळवा टेकवला. चुलीमागची भिंत. दुसरा शब्द सुचत नाही. आजीच्या घरी कोरेगावला चूल विझल्यावरही संध्याकाळपर्यंत मागची भिंत अशीच लागायची आणि मांजर तिला पाठ लावून बसायची. दिवसभराचं ऊन वीट पिऊन ठेवते आणि रात्री हळूहळू सोडते. त्या उबेवर, हेरफर्डशरच्या या दमट मातीत, जर्दाळू आणि पीच पिकायचे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीवर नासपती आणि प्लम. आणि ज्या भिंतीला ऊन लागतच नाही तिच्यावर मोरेलो जातीची आंबट चेरी, तिला सावली चालते म्हणून. म्हणजे घरातल्या माणसांना स्वभाव बघून खोल्या द्याव्यात तशा झाडांना भिंती दिलेल्या. श्रीमंतांच्या काही बागांत तर भिंती पोकळ बांधून आतून धूर खेळवायचे, फुलोऱ्याच्या दिवसांत कडाका पडू नये म्हणून. इथे तेवढं नव्हतं. रेक्टरची ऐपत विटांपाशी संपली होती, असं दिसतं.

पण मी बघत राहिले ते खिळे. लांबून भिंतीवर बारीक गोवर उठल्यासारखं वाटत होतं. जवळ गेले तर चुन्याच्या सांध्यांमधून शेकडो लोखंडी खिळे. कुठे टोपण झिजलेलं, कुठे नुसता गंजाचा ठिपका आणि खाली विटेवर उतरलेली तपकिरी रेघ. भूत बांधायला झाडात ठोकलेले खिळे मी लहानपणी बघितले आहेत, आणि पहिला विचार तोच आला. बाईंनी सांगितलं ते असं: फांद्या भिंतीवर पंख्यासारख्या पसरून धरायच्या तर प्रत्येक फांदीला जागोजाग आधार हवा. माळी जुन्या लोकरी कपड्यांच्या बोटभर पट्ट्या कापायचा, पट्टी फांदीभोवती घ्यायची आणि दोन्ही टोकं एका खिळ्यात धरून भिंतीत ठोकायची. लोकर अशासाठी, की साल कापली जाऊ नये. आणि दर हिवाळ्यात हे सगळे खिळे काढायचे, चिंध्या टाकायच्या, कारण त्यांत किडे घर करतात, फांद्या छाटायच्या आणि पुन्हा नव्याने ठोकायचे. गोठलेल्या बोटांनी. दर वर्षी. नंतर तारा आल्या आणि हे काम गेलं. एका खिळ्याला अजून काहीतरी लोंबत होतं. मी नखाने चाचपलं: करडा, चामड्यासारखा घट्ट झालेला कपड्याचा तुकडा, नखाएवढा. कोणाचा तरी कोट, कोणाची तरी विजार. "ओढू नका हं," बाई म्हणाल्या, "त्याच्याबरोबर चुना निघतो."

चुन्यावर त्यांचं बारीक लक्ष होतं. एका कोपऱ्यात त्यांच्या नवऱ्याने १९८० च्या आसपास विटांमधले सांधे सिमेंटने भरले होते आणि तिथल्या विटांची तोंडं पापडासारखी सुटून खाली पडली होती. चुना ओल बाहेर जाऊ देतो, सिमेंट अडवतं. अडलेलं पाणी थंडीत गोठलं की विटेलाच फोडतं. "यांना मी सांगितलं होतं," त्या म्हणाल्या, आणि मग लगेच, "नव्हतं सांगितलं. मलाही तेव्हा कळत नव्हतं." शेजारच्या चुन्याच्या सांध्यांत मात्र मधमाशीसारख्या माशांनी भोकं पाडून घरं केली होती, इकडे त्यांना गवंडी-माशाच म्हणतात. भिंतीला टेकून असलेल्या काचघराच्या काचा कधीच गेल्या होत्या, पण वरची झडप उघडायचं लोखंडी चाक जागेवर होतं. द्राक्षवेल बाहेरच्या मातीत लावून तिचा खोड भिंतीच्या पायातल्या कमानीतून आत घेतलेला, म्हणजे मुळं पावसात आणि घड उबेत. वेल मेला आहे. कमान आहे.

या बागेचा शेवटचा पूर्णवेळ माळी पहिल्या महायुद्धात गेला आणि त्याचं नाव चर्चच्या आवारातल्या दगडावर आहे. हेही बाईंनी चालता चालता सांगितलं. इंग्लंडातल्या अशा बागांची गोष्ट बहुतेक त्याच वळणावर अडते. कॉर्नवॉलमध्ये हेलिगनला आम्ही गेलो होतो तेव्हा माळ्यांच्या संडासाच्या भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेली त्यांची नावं बघितली होती, खाली ऑगस्ट १९१४. नंतर ती बाग काटेरी झुडपांखाली गडप झाली आणि १९९० नंतर पुन्हा मोकळी केली गेली. पण हेलिगनला तिकीट आहे, कॅफे आहे, पाटी आहे. इथे नुसते खिळे होते, आणि एक बाई, जिने मला विचारलं, "तुमच्याकडे अंजीर होतं का?"

होतं म्हणजे! मी सासवडचं, पुरंदरचं सांगायला लागले. दिवे घाटाच्या वर रस्त्याकडेला टोपल्या घेऊन बसलेल्या बायका, खालची हिरवी पानं, खट्टा बहार, मीठा बहार, फळ सोलून नव्हे तर दोन बोटांनी उकलून खायचं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मला कोपऱ्यातल्या झाडाशी नेलं. अंजिराला इथे मुळं पसरू देत नाहीत, खड्ड्यात विटांचे तुकडे ठासून त्याला कोंडतात, नाहीतर नुसती पानं येतात आणि फळ धरत नाही. एक फळ तोडून त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. उन्हाने कोमट. मी ते उकललं. गोडी पुरंदरची नव्हती, खरं सांगायचं तर बरीच कमी होती, पण पानाच्या देठातून निघालेला तो पांढरा चीक बोटाला लागून चिकटला आणि वास तोच आला, तंतोतंत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बाईंना वाटलं असणार, घर पसंत पडलं.

आणि मग नवऱ्याला विचारलं त्यांनी, "तुमचं विकायचं घर आहे का? म्हणजे साखळीत आहात का?" इकडे एकाची खरेदी दुसऱ्याच्या विक्रीत, ती तिसऱ्याच्या, अशी अडकलेली असते. नवरा "हो, म्हणजे, तसं..." असं काहीतरी म्हणाला. एजंटने आमच्या बारा वर्षांच्या गाडीकडे पाहिलं. बाईंनी नाही पाहिलं. त्या काचघरामागे गेल्या आणि कुंडी घेऊन आल्या.

घरी येताना मला सांगली आठवत होती. १९९८चा उन्हाळा. बाबा रिटायर झाले, दादा पुण्यात स्थिरावला होता, आणि विश्रामबागेतलं आमचं बैठं घर विकायला काढलं. त्यात कौतुक करण्यासारखं काही नव्हतं. लादी शहाबादी, मागे परस, परसात हौद, कढीलिंब आणि न्हाणीच्या भिंतीवर चढलेली सायली. रोज संध्याकाळी कोणीतरी घर बघायला यायचं. आईचं वागणं अगदी मुलगी दाखवायची असल्यासारखं. पलंगपोस बदललेला, हौदाला झाकण, मला ताकीद, की त्या बाजूची ओल दिसली तर तू मधे उभी राहा. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि माझे स्वतःचे दोन कार्यक्रम होऊन गेले होते. येणारे लोक बशीतला चिवडा खायचे, भिंतीवर बोटांनी टकटक करायचे, आपसात कन्नडमध्ये बोलायचे, आणि चपला घालता घालता म्हणायचे, "कळवतो." हा शब्द मी त्या वर्षात दोन्ही कामांसाठी इतक्यांदा ऐकला की कळवतो म्हणजे नाही, हे मला व्याकरणासारखं पाठ झालं.

त्यांत एक जोडपं होतं. स्कूटरवरून आले होते, नवरा कुठल्याशा पतपेढीत. एकदा येऊन गेले, मग पुन्हा आले, मग तिसऱ्यांदा ती एकटीच आली, भाजीची पिशवी घेऊन, "इकडून चालले होते" म्हणून. त्यांना ते घर झेपणार नव्हतं हे बाबांनी पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती बाई खोल्यांत फिरायचीच नाही. सरळ परसात जायची आणि न्हाणीपाशी उभी राहायची. आईने तिला तिन्ही वेळा चहा केला, आणि शेवटच्या वेळी सायलीच्या फांद्या तोडून, ओल्या फडक्यात गुंडाळून दिल्या. मी आईवर चिडले. "फुकट्या आहेत, आई. बघायची हौस नुसती." आई काही बोलली नाही. घर पुढे एका डॉक्टरांनी घेतलं, पाडलं, तीन मजली बांधलं, सगळं रीतसर. पण पुण्याच्या फ्लॅटमध्ये गेल्यावर दोन-तीन वर्षांनी एकदा भाजी निवडताना आई मधेच म्हणाली, "त्या स्कूटरवाल्या बाईनं कळवलं नाही गं." मला वाटलं तिचं डोकं अजून घराच्या व्यवहारातच आहे. "आई, ते घेणारच नव्हते." आईने माझ्याकडे बघितलं, शाळेत बघतात तसं. "घराचं कोण म्हणतंय? सायली लागली की नाही ते."

सोमवारी सकाळी एजंटचा फोन आला. फीडबॅक हवा होता. फोन नवऱ्याने घेतला. घर सुंदर आहे, पण आमच्यासाठी जरा मोठं पडेल, असं तो म्हणाला. मी समोर बसून टोस्टला लोणी लावत होते आणि मला हसू आवरेना. जरा मोठं! "मुलगी चांगली आहे हो, पण उंचीला जरा..." दोन्ही वेळा मला असंच कळवलं होतं. नोव्हेंबरात जाहिरातीवर विक्री ठरल्याची तिरकी पट्टी आली. आम्ही आता शनिवारी घरं बघत नाही. ठरवून सोडलं असं काही नाही. दोघांपैकी कोणी फोन पुढे करत नाही, एवढंच.

कुंडी मी स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. ऑक्टोबरच्या शेवटी पहिलं पान पिवळं पडलं, मग दुसरं, आणि नोव्हेंबर संपताना कुंडीत नुसती काडी उरली. मी जास्त पाणी घातलं असेल, किंवा कमी. सांगलीत वाढलेल्या माणसाला थंडीत मरणं आणि थंडीत झोपणं यांतला फरक बघून कळत नाही. इथे वीस वर्षं काढूनही कळत नाही. नाताळात कचऱ्याचा हिरवा डबा न्यायला येणार होते त्याच्या आदल्या रात्री मी ती काडी उपटायला गेले. नवऱ्याने हात धरला. खिशातल्या किल्लीच्या टोकाने त्याने सालीवर एक बारीक ओरखडा काढला, आणि खाली हिरवं होतं. ओलं, पोपटी हिरवं, तांदळाच्या दाण्याएवढं.

तो ओरखडा आता वाळून तपकिरी झाला आहे. आज फेब्रुवारीची सव्वीस तारीख. बाई लेडबरीला गेल्या असतील. माझ्याकडे त्यांचा नवा पत्ता नाही, पण माणसं घर बदलतात तेव्हा टपाल खातं काही महिने जुन्या पत्त्यावरची पत्रं नव्या पत्त्यावर पाठवतं, त्याचे पैसे त्यांनी भरले असणार. असल्या गोष्टी विसरणाऱ्यांपैकी त्या वाटल्या नाहीत. एक साधं कार्ड आणून ठेवलं आहे. दोनदा लिहायला बसले. घर आम्ही घेणारच नव्हतो, हे लिहायचं की नाही, तिथेच पेन थांबतं. काडीच्या टोकाला एक टोकदार कळी आहे, पण ती नोव्हेंबरातही होती, तेव्हा तिच्यावर विसंबण्यात अर्थ नाही. एप्रिल उजाडू दे. पान फुटलं की कळवते.